कॅमेऱ्याचं स्टोरेज भरलं म्हणून माणूस बोलावला आणि १२,६९९ रुपये घालवले

आधी हिशोब देते. चार मेमरी कार्डं, प्रत्येकी २,२५० प्रमाणे ९,००० रुपये. व्हिजिट ४९९. फॉरमॅटिंगचे कॅमेऱ्यामागे ३५० म्हणजे १,४००. वर्षभराच्या देखभालीचे २,४००. त्यातून जुन्या कार्डांचे प्रत्येकी १५० धरून ६०० वजा. एकूण १२,६९९. यातले ते वजा झालेले ६०० मला सगळ्यात जास्त खातायत. का, ते पुढे सांगते.

घरात चार कॅमेरे आहेत. दारात, पार्किंगकडे, हॉलमध्ये आणि सासूबाईंच्या खोलीत. त्या वॉकर घेऊन चालतात, दोनदा पडल्यात, मी दिवसभर ऑफिसात असते. एका सकाळी अ‍ॅपवर चारही कॅमेऱ्यांखाली 'स्टोरेज भरले' असा लाल मेसेज आला आणि रेकॉर्डिंग थांबलं. मी नेटवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेला नंबर लावला. बस, इथूनच पुढचं सगळं घडलं. नंबर कंपनीच्या खोक्यावरून किंवा अ‍ॅपमधूनच घ्या. हे मला माहीत नव्हतं असं नाही. घाईत होते.

दुपारी एक मुलगा आला. गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात 'ताई'. माझ्या हातातून फोन घेतला, अ‍ॅपमध्ये काहीतरी केलं आणि म्हणाला, "ताई, ६४ जीबीची कार्डं आता पुरत नाहीत. सगळीकडे ५१२ टाकतायत." मला ते पटलं, कारण आकडा अगदीच खोटा नव्हता. कॅमेरा दर सेकंदाला २ मेगाबिटने सतत रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबी तीन दिवसांत संपतात. पण संपले तर बिघडतं काय? कॅमेरा सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं लिहितो, तो बनवलेलाच तसा असतो. सेटिंगमध्ये 'ओव्हरराइट' किंवा 'लूप रेकॉर्डिंग' असं बटण असतं. माझं बंद होतं. ते मीच बंद केलं होतं, आदल्याच दिवशी पार्किंगमध्ये गाडी घासली गेली तेव्हा ते फुटेज पुसलं जाऊ नये म्हणून. नंतर सुरू करायचं राहून गेलं. त्या मुलाने माझ्या फोनवर पहिलं काम केलं ते हेच बटण सुरू करण्याचं. म्हणजे माझा खरा प्रश्न अर्ध्या मिनिटात आणि फुकटात सुटला होता. पुढचे १२,६९९ कशाचे?

आता मी जिथे थांबायला हवं होतं तो क्षण. त्याने स्टुलावर चढून जुनी कार्डं काढली आणि एकेक करून शर्टाच्या खिशात टाकली. त्याच्या डोक्यावरच, कपाटावर, कॅमेऱ्यांची रिकामी खोकी ठेवलेली होती. त्यावर ठळक छापलंय, कार्ड २५६ जीबीपर्यंतच चालेल. तो माझ्या घरात ५१२ चं कार्ड बसवत होता आणि खोकी माझ्या नजरेसमोर होती. मी मान वर करून वाचलं असतं तरी पुरे होतं. सासूबाई खोलीतून म्हणाल्या, "अगं, जुनी मागून घेतलीस का?" मी म्हटलं, "एक्सचेंज आहे आई, पैसे कमी होतात." आणि त्यांना गप्प केलं.

लोक म्हणतील, एवढी शिकलेली बाई. अहो, घरी चार वाजताची औषधं द्यायची, ऑफिसची मीटिंग सुरू, दारात माणूस उभा. त्याने बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हटलं, मी फोनवरून पैसे दिले. बिल आजतागायत आलेलं नाही. बिल हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे पार्किंगमधून मुलीची सायकल गेली. मी निर्धास्त होते, कॅमेरा आहे ना. अ‍ॅप उघडलं. पट्टीवर त्या रात्रीची हिरवी रेघ सलग दिसत होती. २:४० वर बोट ठेवलं. गोल चक्र फिरत राहिलं आणि स्क्रीन काळी झाली. ३:१० ला तेच. मागे मागे जात राहिले. पहिला दीड दिवस स्वच्छ, त्यानंतर नुसती रेघ.

भाच्याने कार्ड काढून लॅपटॉपवर 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचं कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर लावलं. हे विंडोजवर फुकट मिळतं, लिनक्सवर 'एफ३' आहे. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून बघतं. रात्रभर चाललं. दिसायला ४७६ जीबी, त्यातले खरे २९. म्हणजे ३२ जीबीचं कार्ड, आतल्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या चिपमध्ये, खोटा आकडा भरलेला. कॅमेऱ्याला वाटतं जागा आहे, तो लिहीत राहतो, आणि ३२ नंतरचं सगळं हवेत जातं. फाइलची नावं तेवढी उरतात. चारही कार्डं तशीच निघाली. नवं कार्ड कुठूनही घ्या, कॅमेऱ्यात घालण्याआधी असं भरून बघा. आणि आठवड्यातून एकदा जुन्यातलं एखादं रेकॉर्डिंग खरोखर चालवून बघा, रेघ बघून समाधान मानू नका.

पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसले. सायकलची तक्रार लिहिताना पहिला प्रश्न, "फुटेज आणलंय का?" फुटेज का नाही ते सांगितलं, तर म्हणे पैसे तुम्ही तुमच्या हाताने दिलेत, वस्तू घेतलीत, हा तुमचा आपसातला व्यवहार. सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता ना, मग हे ऑनलाइन नाही, ठाण्यातच जा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाइनवर २२ मिनिटं संगीत ऐकलं, मग बाईंनी विचारलं, बिल आहे का? नाही म्हटल्यावर तक्रार घेतली खरी, पण सहाव्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' कुणी केलं निराकरण? मला एक फोन नाही, त्या माणसाला एक फोन नाही. पुन्हा ठाण्यात गेले तर आधीचे साहेब सुट्टीवर, नव्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी त्यांना एकच विचारलं, माझी चार कार्डं त्याच्याकडे आहेत, त्याचं काय? ते म्हणाले, "मॅडम, जुन्या कार्डांचं काय एवढं?"

काय एवढं? त्या कार्डांत तीन दिवसांचं माझं घर आहे. आम्ही किती वाजता निघतो, किल्ली कुठे ठेवतो, सासूबाई एकट्या किती वेळ असतात, रात्री त्यांना उठवून कपडे बदलताना. हे मी ६०० रुपयांना दिलं. कार्ड फॉरमॅट केलं तरी साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंचसं परत काढता येतं, हे मला नंतर कळलं. जुनं कार्ड कुणाला देऊ नका. विकू नका, बदलून घेऊ नका. खराब झालं असेल तर तोडून टाका.

कुलपं बदलली. अ‍ॅपचा पासवर्ड बदलला, 'शेअर केलेले' मध्ये कुणी परकं नाही ना ते पाहिलं. तुमचाही फोन कुणी हाताळला असेल तर ती यादी आजच बघा. आता ६४ ची सतत रेकॉर्डिंगसाठीची कार्डं घातलीत, ओव्हरराइट सुरू आहे, हालचाल झाली तरच रेकॉर्ड होतं. पुरून उरतंय. सासूबाईंच्या खोलीतला कॅमेरा त्यांनीच काढायला लावला.

परवा नवऱ्याच्या फोनवरून तोच नंबर लावला. आवाज तोच. "स्टोरेज फुल दाखवतंय का ताई? चारच्या सुमारास माणूस पाठवतो." तारीख आणि वेळ लिहून मी तसाच कागद ठाण्यात नेला. त्यांनी तो माझ्या अर्जाला टाचणीने लावून घेतला.