चालायचा ट्रॅक: आधी टेंडर की आधी एक पावसाळा?

तळ्याकाठी, नाल्याकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी चालायला नीट ट्रॅक हवा म्हणून तुमच्या भागात कुणी वॉर्ड ऑफिसच्या चकरा मारत असेल तर हा प्रश्न येणारच. काम नि परवानग्या एकदमच सुरू करायच्या, की आधी जागा नीट तपासायची, मग आखणी, मग टेंडर? आमच्या ग्रुपमध्ये यावरून बरीच तणातणी झाली. मी दुसऱ्या बाजूचा, पण पहिल्या बाजूवाले काही वेडे नाहीत, म्हणून दोन्ही सांगतो.

पहिल्या, म्हणजे सगळं एकदम सुरू करायच्या पद्धतीमागचं खरं कारण म्हणजे ३१ मार्च. निधी पडून राहिला की गेला, पुढच्या वर्षी पुन्हा कुणाच्या तरी पाया पडा, तोवर साहेबांची बदली, डीएसआरचे (सरकारी दरसूचीचे) दर वाढलेले, एस्टिमेट पुन्हा पहिल्यापासून. आणि साध्या पाथवेला २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांची तपासणी) नोटिफिकेशनखाली वेगळं पर्यावरण क्लिअरन्स, म्हणजे ईसी, शक्यतो लागतही नाही, बांधकामाचा हिशोब तिथे २०,००० चौरस मीटरपासून सुरू होतो. त्यामुळे ऑफिसात सगळे म्हणतात ईसी लागत नाही ना, मग करा सुरू.

पण ईसी नाही म्हणजे काहीच नाही असं थोडंच आहे, पाणथळ जागा असेल तर २०१७ चे वेटलँड नियम, नदीकाठी निळी पूररेषा (नकाशावर आखलेली पुराची हद्द), खाडीजवळ सीआरझेड म्हणजे किनारपट्टीचे नियम, झाडं मधे येत असतील तर १९७५ चा वृक्ष कायदा, आणि टेकडी वनखात्याची निघाली तर मग विचारूच नका. मुंबईतल्या पवईचं सगळ्यांना माहितीय. तलावाभोवती सायकल ट्रॅक काढला, जाळीत दगड भरलेत, पाणी झिरपतं, भराव नाहीच असं पालिकेचं म्हणणं होतं, आणि मे २०२२ मध्ये हायकोर्टाने सगळं बेकायदा ठरवून काढून टाका, जागा होती तशी करा असं सांगितलं. घाई करून वेळ वाचला कुठे?

उलट मुंबईतच मलबार हिलचा तो झाडांमधून जाणारा लाकडी वॉकवे, जेमतेम ४८५ मीटरचा, किती डेडलाईन हुकल्या, लोकांनी चेष्टा केली, पण २०२५ च्या गुढीपाडव्याला उघडला आणि लोक २५ रुपये तिकीट काढून चालतायत. तुलना अगदी बरोबरीची नाही हे मान्य, तिथे तलाव नाही, आणि खांबांवरचं काम आपल्या वॉर्डच्या खिशाला झेपणारं पण नाही. तरी उशीर झालेला ट्रॅक चालता येतो, पाडलेला नाही, एवढं तर खरं.

माझं मत मात्र या दोन्हींवरून नाही बनलं. ते बनलं एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीवरून, ती म्हणजे सर्व्हेची तारीख. पहिल्या पद्धतीत फाइल हलते ती बजेट मंजूर झाल्यावर, म्हणजे तपासणीला माणूस येतो ऐन उन्हाळ्यात. आमच्याकडे आला तेव्हा तळ्याचा काठ भेगा पडलेला, कोरडा ठणठणीत. रिपोर्टात छान लिहिलं, पाणी साचत नाही. जुलैत त्याच जागी घोट्याच्या वर पाणी, रात्री बेडकांचा गोंधळ, आणि आखलेला ट्रॅक बरोब्बर पाणी बाहेर पडायच्या वाटेवर आडवा. राग याचा येतो की यात कुणी खोटं बोललेलं नसतं. मोठ्या प्रकल्पांच्या ईआयएतही पावसाळा सोडून एका हंगामाची आकडेवारी घ्यायची पद्धत आहे, तीच सवय खाली वॉर्डपर्यंत उतरलीये. ज्या चार महिन्यांत जमीन आपण होऊन सगळं सांगते तेच चार महिने वगळायचे!

दुसऱ्या पद्धतीत जून ते सप्टेंबर फक्त बघायचं, पाणी कुठे थांबतं, कुठून वाहतं, फोटो काढत राहायचं. ऑक्टोबरात आखणी नि झाडांची मोजणी, थंडीत पाणपक्षी कुठे उतरतात ते बघणं आणि अर्ज, मग बजेटमध्ये मागणी, आणि प्रत्यक्ष खोदकाम पुढच्या पावसाळ्यानंतर. वर्ष जातं, खोटं कशाला बोलू, आणि ग्रुपमधला उत्साह पण गळतो, आमच्यातले काही जण मीटिंगला यायचेच बंद झाले. पण दगड टाकण्याआधी रेषा हलवायची तर कागदावर खोडरबर पुरतं.

तुमच्याकडे जुनीच पायवाट असेल, पाणी-झाडं काही मधे नसेल, नुसता मुरूम टाकून दाबायचा असेल तर खुशाल पहिली घ्या, मीही घेईन. बाकी ठिकाणी माझा कल तुम्हाला कळलाच असेल. निधी अगदी जातोच आहे असं दिसलं तर पाणी साचणारा तुकडा एस्टिमेटमधून बाजूला काढायला सांगा आणि उरलेल्यावर खर्च होऊ दे, मधे थोडी कच्ची वाट राहिली तर राहू दे. इंजिनिअर लोक यावर तयार होतात, निदान आमच्याकडचे झाले, फक्त पावसाळ्यातल्या फोटोंवर तारीख दिसली पाहिजे.