‘स्लॉट गेलाय, बोर्ड बदला’ म्हणाले तर आधी हे तपासा

रॅमची (संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीची) दुसरी ८ जीबीची स्टिक टाकून घेतली आणि घरी संगणक सुरू केला, तर १६ ऐवजी ८ जीबीच दिसतेय. परत दुकानात न्यावं, तर काउंटरवरचा माणूस कॅबिनेट न उघडताच निदान करतो : “स्लॉट (स्टिक बसवायची खाच) गेलाय, मदरबोर्ड बदलावा लागेल.” गिऱ्हाईक पैसे मोजतं. चांगला चालणारा जुना बोर्ड दुकानातच राहतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ‘सेकंडहँड, टेस्टेड’ म्हणून विकला जातो.

आधी आकडा नीट वाचा. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे दोन आकडे असतात : बसवलेली रॅम आणि वापरता येणारी रॅम. ८ पैकी ७.८८ दिसणं नेहमीचंच. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या बिल्ट-इन ग्राफिक्सवाल्या मशीनवर १६ पैकी १३.९ दिसली तरी चोरी झालेली नाही, बायोसने (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरने) २ जीबी ग्राफिक्सला दिलेली असते.

बसवलेली १६ दिसते, पण वापरता येणारी निम्मी किंवा साडेतीनच्या आसपास, तर लगेच बोर्डाला दोष देऊ नका. ३२-बिट विंडोज ४ जीबीपुढे जातच नाही. जुन्या मशीनवरची विंडोज ७ होम बेसिक ६४-बिट असली तरी ८ जीबीवर थांबते. तिसरी जागा कुणी बघत नाही : विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून ‘msconfig’ टाइप करा, बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे ‘मॅक्सिमम मेमरी’वर टिक असेल तर काढा आणि रीस्टार्ट करा. एवढ्यासाठी बोर्डाचे पैसे घेणाऱ्याला काय म्हणायचं!

बसवलेलीच ८ दिसत असेल आणि टास्क मॅनेजर दोनपैकी एकच स्लॉट वापरात दाखवत असेल, तर मात्र कॅबिनेट उघडायचं. वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. स्टिक बाहेर काढून, बोर्डापासून लांब धरून, सोनेरी पट्ट्यांवर मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा. काळपट थर रबरावर उतरलेला दिसेल. रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका, तोच पुढे त्रास देतो. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळल्या की स्टिक ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा.

मग एकेक स्टिक, एकेका स्लॉटमध्ये. जुनी स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये चालते आणि नवी एकातही नाही, म्हणजे नवी स्टिकच चुकीची. कुठलीही स्टिक एका ठरावीक स्लॉटमध्ये चालत नसेल, तरी लगेच बोर्ड गेला म्हणू नका. इंटेलच्या ११५५ किंवा ११५१ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या जागेत) वाकलेली एक पिन मेमरीचं अख्खं चॅनेल बंद पाडू शकते. टॉर्च आणि भिंग घेतलं की दिसते. प्रोसेसरवरच्या कूलरचा एक कोपरा जास्त आवळला असेल तरी हेच होऊ शकतं. स्क्रू सैल करून तिरक्या क्रमाने आवळा.

खरी लबाडी असते ती स्टिकमध्ये. इंटेलच्या जुन्या जी४१ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपच्या) बोर्डावर ४ जीबी डीडीआर३ स्टिकला दोन्ही बाजू मिळून १६ चिपा लागतात. ८ चिपांची स्वस्त स्टिक तिथे चालत नाही. चिपा मोजायला फक्त डोळे लागतात. ‘फॉर एएमडी’ म्हणून येणाऱ्या स्वस्त डीडीआर३ स्टिक इंटेल बोर्डावर एकतर बीप देत बसतात किंवा दिसतच नाहीत. विकणाऱ्याला हे माहीत असतं. गेमिंग मशीन सेकंडहँड घेत असाल तर आणखी एक : शोसाठी नुसत्या दिवे लागणाऱ्या, आत मेमरी नसलेल्या स्टिकही मिळतात. चार झगमगतात, खऱ्या दोनच.

मशीन दुकानात ठेवण्याआधी जुन्या स्टिकच्या लेबलचा फोटो काढा, सीरियल नंबर स्पष्ट दिसायला हवा. स्टिक बदलली जाण्याचे प्रकार लेबलवरूनच पकडले जातात. नव्या स्टिकचा नंबर बिलावर लिहून घ्या आणि काउंटरवरच बायोसमध्ये आकडा दाखवायला लावा. बोर्ड बदललाच, तर जुना परत मागा. “तो स्क्रॅपमध्ये गेला” असं उत्तर आलं तर बिल आणि फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे; तिथे दोन वर्षांच्या आत जायचं, आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही.