थंडीत घट्ट पडणारा गिअर: ऑइल बदलावं, क्लच बघावा की गिअरबॉक्स उतरवावा?

रात्रभर उघड्यावर उभी असलेली जुनी फोर बाय फोर सकाळी सुरू केली, पहिला गिअर कसाबसा पडला, दुसऱ्यासाठी लिव्हर ओढला तर तो मध्येच अडून बसला. जोर लावावा तर मनगट दुखतं, घाई करावी तर खर्र. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर मात्र तोच लिव्हर दोन बोटांनी सरकतो. ही तक्रार तीन जाणकारांना सांगितली की तीन उत्तरं मिळतात. एक म्हणतो ऑइल बदला, दुसरा क्लचकडे बोट दाखवतो आणि तिसरा थेट गिअरबॉक्स उतरवायला निघतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी तापल्यावर त्रास पूर्ण जात असेल, तर पहिला खर्च ऑइलवर करावा, तोही सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० जीएल-४ वर (पहिला आकडा दाटपणाचा, जीएल-४ हा ऑइलचा वर्ग; दोन्ही पुढे उलगडतो). पण त्याआधी दहा मिनिटं क्लचसाठी काढावीत. मी ती काढली नव्हती. एका हिवाळ्यात दोनदा गिअर ऑइल बदललं आणि शेवटी क्लचचा खालचा सिलिंडर (पेडलचा दाब फ्लुइडने क्लचपर्यंत पोचवणारा) आतून झिरपत होता असं निघालं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

थंड गाडीवरच करायच्या चाचण्या

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून. क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून पाहा. (दात समोरासमोर आले तर एखादा गिअर पडणार नाही; गाडी जराशी पुढे-मागे ढकलली की पडतो, त्याला दोष समजू नका.) इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि सुरू असताना अडतात, तर संशयित क्लच. न्यूट्रलमध्ये लिव्हर नुसता डावी-उजवीकडे हलवतानाही जड लागत असेल, तर लिव्हरखालचा बुश, कोरडा पडलेला गोळा किंवा जोडदांड्या बघा. तिथे गिअर ऑइलचा संबंध फारसा नाही. ग्रीस आणि एखादा नवा बुश बहुतेक पुरतो.

दुसरी चाचणी रिव्हर्सची, आणि मला तीच जास्त भरवशाची वाटते. इंजिन आयडलिंगवर, क्लच तळापर्यंत दाबलेला, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गिअरबॉक्सात रिव्हर्सला सिंक्रो (गिअरची गती जुळवणारी यंत्रणा) नसतो, त्यामुळे आतला शाफ्ट फिरत असेल तर तो लपत नाही. इथे एक उलटी गोष्ट लक्षात घ्या: थंड, दाट ऑइल फिरत्या शाफ्टला लवकर थांबवतं. म्हणजे ऑइल दाट असेल तर थंडीत रिव्हर्स उलट शांतपणे पडायला हवा. पाच आकडे मोजूनही थंड गाडीत रिव्हर्स घासत असेल, तर शाफ्टला कुणीतरी अजून फिरवतंय. एक तर क्लच पूर्ण सुटत नाही, नाहीतर पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं इंजिनकडचं टोक पेलणारं) धरतंय.

दुसऱ्या गिअरलाच का त्रास?

गिअर बदलताना सिंक्रोची पितळी रिंग गिअरच्या शंकूवर दाबली जाते आणि घर्षणाने दोघांची गती जुळवते. गती जुळेपर्यंत रिंगचे दात स्लीव्हला (लिव्हरने सरकणाऱ्या बाहीला) आत शिरू देत नाहीत. हाताला लागते ती भिंत हीच. रिंगला आतून बारीक खाचा असतात. त्यांचं काम शंकूवरचा ऑइलचा थर कापून बाजूला करणं. ऑइल दाट असेल तर थर कापायला वेळ लागतो, रिंग घसरत राहते आणि भिंत हटत नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या गतीतला फरक सहसा सगळ्यात मोठा, म्हणून सर्वात जास्त काम दुसऱ्याच्या रिंगवर पडतं. जड गाडीच्या गिअरबॉक्सात गिअर आणि क्लच प्लेटही जाडजूड. तेवढं वजन त्या एका रिंगने आवरायचं असतं.

म्हणून आवाज न करता नुसतं अडणं आणि खर्र करून घासणं, या दोन्हींत फरक करा. थंडीत अडतो, तापल्यावर सुटतो: बहुधा ऑइल. तापल्यावरही एकाच ठरावीक गिअरला घासतो: त्या गिअरची रिंग झिजली.

ऑइल: खरी निवड इथे आहे

सर्वात मोठा गैरसमज डब्यावरच्या आकड्यांचा. ७५डब्ल्यू हे ८०डब्ल्यूपेक्षा 'पातळ', मग जुन्या गिअरबॉक्सला चालेल का, ही भीती मी अनेकांकडून ऐकली आहे. पण डब्ल्यूचा आकडा फक्त थंडीतलं वागणं सांगतो. एसएई (वाहन अभियंत्यांची संस्था) हिच्या जे३०६ या मानकात दाटपणाची एकच मर्यादा आहे, १,५०,००० सेंटिपॉइज (दाटपणाचं एकक); ७५डब्ल्यू ऑइलने ती उणे ४० अंश सेल्सिअसवर पाळायची, ८०डब्ल्यूने उणे २६ वर आणि ८५डब्ल्यूने उणे १२ वर. पुढचा ९० हा आकडा १०० अंश सेल्सिअसवरचा: १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (हेही दाटपणाचंच एकक). तो ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० या दोन्ही डब्यांवर एकच आहे. म्हणजे चढावर गिअरबॉक्स तापलेला असताना दातांमध्ये साधारण तेवढाच थर राहतो. बदलते ती फक्त सकाळ. तुमच्याकडे उणे तापमान कधीच येत नसेल तरी हा फरक हाताला जाणवतो, कारण ऑइल दाटायला गोठणबिंदूची वाट पाहत नाही.

| | मिनरल ८०डब्ल्यू-९० | सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० | एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) किंवा पातळ एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं) |
|---|---|---|---|
| थंडीतला लिव्हर | जड | बराच हलका | सर्वात हलका |
| तापल्यावरचा थर | पुरेसा | तेवढाच | पातळ. एटीएफ साधारण ७ सेंटिस्टोक |
| जुन्या गिअरबॉक्सचा आवाज | दबतो | जवळपास तसाच | वाढू शकतो |
| किंमत | कमी | जास्त | खूप कमी-जास्त |
| कोणासाठी | उबदार हवा, क्वचित वापर | रोज थंड सकाळी निघणारे | पुस्तिकेत लिहिलं असेल तरच |

शेवटच्या रकान्याबद्दल थोडं. 'एटीएफ टाका, लोण्यासारखा गिअर पडेल' हा सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. काही गिअरबॉक्स त्यासाठीच बनलेले असतात. जुन्या लँड रोव्हरच्या एलटी७७ गिअरबॉक्सला एटीएफच सांगितलेलं आहे, आणि त्यात हौसेने ९० नंबर घातलं तर थंडीत रडगाणं सुरू. पण ज्या गिअरबॉक्सची बेअरिंग ९० गृहीत धरून बसवली आहेत, त्यात एटीएफ घालणं म्हणजे सकाळच्या दहा मिनिटांसाठी उरलेला दिवस गहाण टाकणं. काही गाड्यांना तर इंजिन ऑइल चालतं असं पुस्तिकेत असतं. ते वाचून दचकू नका. दोन्हींचे आकडे वेगळ्या पट्टीवरचे आहेत. गिअर ऑइलचा ९० हा इंजिन ऑइलच्या ४० ते ५० च्या आसपास बसतो.

याच्या बरोबर उलटा प्रकार म्हणजे ८५डब्ल्यू-१४०. गुणगुणणाऱ्या गिअरबॉक्सचा आवाज विक्रीपुरता दाबायला कुणी हे घालून ठेवलेलं असतं. गाडी सेकंडहँड असेल आणि आत काय आहे हे ठाऊक नसेल, तर केवळ तेवढ्यासाठीही ऑइल बदलणं फायद्याचं.

आता जीएल-४ आणि जीएल-५. जीएल-५ हे डिफरन्शियलमधल्या (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागातल्या) हायपॉइड गिअरसाठी. तिथे दात एकमेकांवर घसटत चालतात म्हणून त्यात अतिदाबाची रसायनं जास्त असतात. सिंक्रोला नेमकं हेच नको असतं. रिंगला घर्षण हवं आणि हे ऑइल ते काढून घेतं. शिवाय त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळेला त्रासदायक ठरू शकतात. 'मोठा आकडा म्हणजे चांगलं' असं समजून गिअरबॉक्सात जीएल-५ भरलं आणि मग गिअर घासतो म्हणून तक्रार केली, असं सर्रास होतं. डब्यावर 'जीएल-४/जीएल-५' असं दोन्ही छापलेलं असेल, तर ते जीएल-५ च धरा. पुस्तिका दोन्ही चालतात म्हणत असेल तर प्रश्न मिटला. आणि डिफरन्शियलला जीएल-५ सांगितलं असेल तर तिथे जीएल-४ घालून काटकसर करू नका.

क्लच: स्वस्त, आणि बहुतेक वेळा राहून जाणारा

रिव्हर्सच्या चाचणीत गाडी नापास झाली तर ऑइलचा डबा बाजूला ठेवा. आधी क्लच फ्लुइडची पातळी, मग वरच्या-खालच्या सिलिंडरांची रबरी टोपणं उचलून आत ओल आहे का ते बघा. फ्लुइड काळं किंवा जुनं असेल तर नवं भरून हवा काढा. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर सहज पडत असेल, तर हवा किंवा झिरपणारा सिलिंडर नक्की. आतून फुगलेला जुना रबरी होज हेही एक लपलेलं कारण. केबलचा क्लच असेल तर काम आणखी सोपं: केबल आणि पेडलची मोकळी चाल. पायलट बेअरिंग मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हाती लागत नाही.

गिअरबॉक्स उतरवायचा कधी?

फोर बाय फोरमध्ये हे काम साध्या गाडीपेक्षा मोठं. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) सोबत येतो, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडावे लागतात, बऱ्याचदा खालचा क्रॉस मेंबरही. फक्त सकाळच्या घट्टपणासाठी मी हे कधीच करणार नाही. तापल्यावरही दुसरा किंवा तिसरा घासतो, गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये उडतो, किंवा ड्रेन नटच्या चुंबकावर तुकडे सापडतात, तेव्हाच. आणि एकदा उतरवलाच तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सील त्याच फेरीत बघून घ्या. मजुरी दोनदा देण्यात शहाणपण नाही.

काहीच न करणं

हाही पर्याय आहे, आणि गाडी आठवड्यातून एकदा निघत असेल तर वाईट नाही. सुरू केल्यावर मिनिटभर न्यूट्रलमध्ये क्लच *सोडून* उभी ठेवा. क्लच दाबून ठेवला तर गिअरबॉक्स आत फिरतच नाही. त्याहून जास्त वेळ उभं राहून उपयोग नाही, कारण इंजिनचा काटा मध्यावर आला तरी गिअरबॉक्स थंडच असतो, तो चालवूनच तापतो. पहिले काही किलोमीटर पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रलला क्षणभर थांबा. खाली येताना डबल क्लच करा: न्यूट्रलमध्ये क्लच सोडून हलकी रेस, मग परत दाबून गिअर. रिंगचं काम तुम्ही केलंत की भिंत लागत नाही.

ऑइल बदलायचं ठरलं तर

गाडी वीसेक किलोमीटर चालवून आणा, सपाट जागी लावा आणि *आधी भरायचा नट उघडा*. ऑइल सोडून दिलं आणि वरचा नट गंजून बसलाय हे नंतर कळलं, तर गाडी आहे तिथेच अडकते. चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असेल तर काळजी नको. सोनेरी चकाकी म्हणजे पितळी रिंग झिजतेय. नव्या ऑइलने सकाळ सुधारेल, झीज भरून येणार नाही. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. ओढा-नदीतून जाणाऱ्या गाड्यांत हे होतं: तापलेला गिअरबॉक्स पाण्यात एकदम निवतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदर (गिअरबॉक्सची हवा आत-बाहेर जाण्याची वाट) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदर साफ न करता नवं ऑइल भरू नका.

नवं ऑइल भरण्याच्या नटाच्या कडेपर्यंत येऊन ओघळायला लागलं की थांबा. ट्रान्सफर केसचं ऑइल वेगळं असेल तर त्याचीही पातळी त्याच दिवशी बघा. गिअरबॉक्स कमी आणि ट्रान्सफर केस काठोकाठ निघाला, तर दोघांमधलं सील गेलंय, आणि महागडं सिंथेटिकही काही दिवसांत त्याच वाटेने पलीकडे जाईल.