पॉवर टिलरच्या ट्रेलरला मरीन प्लाय : आठ महिन्यांनंतर

पॉवर टिलर म्हणजे हाताने चालवायचा छोटा ट्रॅक्टर. त्याच्या ट्रेलरच्या तळाचा पत्रा गंजून चाळण झाला, तेव्हा मे महिन्यात त्याजागी लाकूड टाकलं. पत्र्यावर आंब्याचे क्रेट सरकतात आणि खडखडाटाने डोकं उठतं, म्हणून. आता कोकणातला एक पुरा पावसाळा काढून झालाय.

सांगाडा सहा बाय चारचा. मरीन प्लाय म्हणजे पाण्याजवळच्या कामासाठी केलेलं प्लायवुड. त्याच्या आठ बाय चारच्या १९ मिलीमीटर जाड तक्त्यातून अख्खा तळ एका तुकड्यात निघाला, उरलेल्या दोन फुटांत मागचं फळकूट. प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघूनच घ्या. 'वॉटरप्रूफच आहे' म्हणत साधा प्लाय गळ्यात मारतात.

पण मरीन प्लाय म्हणजे कुजणार नाही, असं नव्हे. त्यातला गोंद पाण्याने सुटत नाही आणि लाकडाला कुजू नये म्हणून औषधही दिलेलं असतं, तरीही लाकूड पाणी पितंच, आणि पितं ते कापलेल्या कडांनी अन् भोकांतून. म्हणून कडांना इपॉक्सीचे, म्हणजे दोन द्रव मिसळून कडक होणाऱ्या राळेचे, तीन हात दिले. आठ मिलीमीटरच्या बोल्टसाठी आधी बारा मिलीमीटरचं भोक पाडायचं, ते इपॉक्सीने भरायचं, दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध आठचं भोक. सुतार म्हणाला, "एका भोकाला किती लाड?" संध्याकाळ झाली होती, मीही कंटाळलो होतो. मागची चार भोकं तशीच सोडली.

ऑगस्टमध्ये नेमक्या त्या चार बोल्टांभोवती काळी कडी उमटली. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर लोण्यात जावा तसा आत गेला. बाकीचे बोल्ट आजही ठणठणीत.

दुसरी चूक रबरी मॅटची. जुलैत उचलली तर खाली पाणी साचलेलं, कुबट वास. ती आता गोठ्यात गेली. वरच्या ऑइल पेंटला चिऱ्याच्या दगडांनी ओरखडे पडलेत, तिथे पुन्हा हात मारावा लागेल, कारण उघडं इपॉक्सी उन्हात टिकत नाही.

तळाला खालून काजूच्या टरफलांचं तेल लावलं, होड्यांना लावतात तसं. स्वस्त आणि काम चोख, पण हातमोजे घाला. माझ्या मनगटावर फोड आले, डाग महिनाभर होते.

बाजूच्या अँगलपासून दोन सूत (पाव इंच) फट ठेवली होती, तिथून चिखल धुऊन निघतो. डिसेंबरच्या उन्हात मऊ झालेलं लाकूड कोरून इपॉक्सी भरलं आणि ते चार बोल्ट दोन इंच पुढे सरकवले. या वेळी भोकं पाडली, भरली, पुन्हा पाडली, सुतार काही बोलला नाही.