आई-बाबांना लेक डिस्ट्रिक्ट दाखवायचंय: विंडरमिअर, केझिक की अल्सवॉटर?

जून उजाडला की इंग्लंडमधल्या मराठी घरांत पाहुणे असतातच. लंडन बघून झालं की "ते तळ्यांचं ठिकाण", म्हणजे वायव्येकडचं लेक डिस्ट्रिक्ट, दाखवायची वेळ येते. मी मँचेस्टरला राहते, त्यामुळे ही जबाबदारी आजवर चारदा अंगावर आली. दोनदा विंडरमिअर, दोनदा केझिक गाव, आणि मध्ये एक दिवस अल्सवॉटर तळं.

आधी विंडरमिअर, कारण सगळे तेच नाव घेतात. इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं, लांबी जवळपास १७ किलोमीटर. तुमच्याकडे गाडी नसेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, इथेच जा. रेल्वे १८४७ पासून थेट विंडरमिअर गावात येते. केझिकची रेल्वे १९७२ मध्येच बंद पडली, तिकडे पेनरिथला उतरून सामानासकट बस पकडावी लागते. मात्र स्टेशन वर आणि तळं खाली बोनेसला, मध्ये दीड मैलाचा उतार. जाताना गप्पा मारत जाल, येताना आईचे गुडघे बोलतील. ५९९ नंबरची बस घ्या.

बोनेसहून लेकसाइडपर्यंत बोटीने चाळीस मिनिटं लागतात, आणि तिथून वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी हॅवरथ्वेटला जाते. नातवंडं सोबत असतील तर आजोबा आणि नातू दोघंही खूश. पण ऑगस्टमधल्या शनिवारी बोनेसचा धक्का म्हणजे मे महिन्यातला वेण्णा लेक. पार्किंगसाठी आम्ही पाऊण तास फिरत होतो. शेवटी आई म्हणाली, "महाबळेश्वरच की गं हे, फक्त घोडे नाहीत."

केझिकचं तसं नाही. (स्पेलिंगमध्ये डब्ल्यू आहे, पण उच्चारात नाही. बाबा शेवटपर्यंत "केस्विक"च म्हणाले.) डरवेंटवॉटर तळं लहान, चहूबाजूंनी डोंगर, आणि गावातून चालत पाच-दहा मिनिटांत पाणी. धक्क्यापासून फ्रायर्स क्रॅग या खडकाळ टोकापर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे. गुडघेदुखीवाल्यांसाठी सांगते, एवढ्या कमी चालीत एवढं दृश्य मला इथे दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. टोकाला बाक आहे, समोर बॉरोडेलची दरी. जवळच जॉन रस्किनचं स्मारक आहे. ज्याचं लिखाण वाचून गांधीजींना सर्वोदयाची कल्पना सुचली तोच हा, असं सांगितल्यावर बाबा चष्मा पुसून दगडावरची अक्षरं वाचायला गेले ते अर्धा तास परतलेच नाहीत. आम्ही थर्मासमधला चहा आणि थेपले संपवून टाकले.

बोट तळ्याला पूर्ण वळसा घालते, सुमारे पन्नास मिनिटं. वाटेत थांबे आहेत, हवं तिथे उतरायचं, पुढची बोट पकडायची. कॅसलरिगचं पाषाणवर्तुळही रस्त्यालगतच आहे, फाटक उघडून चार पावलं. शिखरांचं कौतुक मात्र जपून करा. इंग्लंडचं सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटर, हे ऐकून बाबांनी शांतपणे कळसूबाईचे १६४६ मीटर काढले.

केझिकची खोट म्हणजे पाऊस. बॉरोडेलमधलं सीथवेट हे इंग्लंडमधल्या सर्वांत जास्त पावसाच्या वस्त्यांपैकी एक. इगतपुरीवाल्यांना ही भुरभुर हास्यास्पद वाटते, पण गारठा नाही सोसत. जून असला तरी स्वेटर आणि कानटोपी घ्याच. छत्री वाऱ्यात उलटते, अंगभर रेनकोट बरा.

अल्सवॉटर? माझ्या डोळ्यांना तिन्हींत तेच सुंदर. रेव्हन ही १८८९ची बोट अजून पाण्यावर आहे. पण एअरा फोर्स धबधब्याला पायऱ्या आहेत, आणि राहायला मोठं गाव जवळ नाही. वर्डस्वर्थच्या कवितेतली डॅफोडिल्सची फुलं इथलीच, ती वसंतात फुलतात, उन्हाळ्यात शोधायला जाऊ नका. केझिकहून एक दिवस काढून जा, मुक्काम नको.

जेवणाचं सांगायचं तर हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं कॉटेज घ्या. जूनमध्ये सूर्य पावणेदहाला मावळतो, आणि फिरून येईपर्यंत बऱ्याच पबांची किचन्स बंद झालेली असतात. पहिल्या खेपेला आम्ही चिप्सवर रात्र काढली. आता छोटा कुकर आणि मुगाची डाळ गाडीतच असते.

शाळांच्या सुट्ट्या जुलैच्या अखेरीस लागतात, त्याआधी जमलं तर गर्दी आणि भाडं दोन्ही कमी. मावशीला नेमकी ऑगस्टचीच तिकिटं मिळाली आहेत. मी विंडरमिअरच्या बोटीचं सांगत होते, तर बाबा मागून फोनवर ओरडले, "तिला आधी त्या बाकावर ने!" केझिकचं कॉटेज काल बुक केलं.