मेजरसाहेबांचा कोट, राणीचा मुकुट आणि माझे 46,950 रुपये

जुने फौजी युनिफॉर्म जमवणाऱ्यांनी हे वाचाच, बाकीच्यांनी हसून घ्या, आमच्या घरात हसणं चालूच आहे.

दुसऱ्या महायुद्धातला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या मेजरचा सर्व्हिस ड्रेसचा म्हणजे गणवेशाचा कोट म्हणून मी एक विकत घेतला आणि फसलो. मेजरसाहेब इटलीत 3ऱ्या बटालियनबरोबर वरच्या टायबर खोऱ्यात होते म्हणे, म्हणजे जिथे 10 जुलै 1944 ला यशवंत घाडगे लढता लढता गेले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तिथेच. आम्ही सातारकडचे, हे ऐकल्यावर डोकं चालतं होय? विकणारा म्हणे मेजरांचा नातू. पुढचं नाटक तुम्हाला पाठ असेलच, दिल्लीचं गिऱ्हाईक थांबलंय, आजीचं ऑपरेशन आहे वगैरे. कोटाचे 38,500, सर्व्हिस हिस्ट्रीच्या फाइलचे वेगळे 7,000, इन्शुरन्सवाल्या कुरियरचे 1,450. सगळे यूपीआयने.

आणि चीड कसली येते तर खांद्याचा क्लोजअप मी स्वतः मागून घेतला होता! झूम करून बटणं बघितली, शिवण बघितली, कॉलरच्या आतला घामाचा डाग बघून तर हरखलोच, पण मेजरच्या हुद्द्याची खूण असलेला खांद्यावरचा मुकुट नीट बघितला नाही. इंग्लंडच्या राजाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी वर गोल असतात, मधे खचलेला मुकुट एलिझाबेथ राणीचा, तो 1953 नंतरचा. आपल्या आर्मीने तर 26 जानेवारी 1950 लाच मुकुट काढून अशोकाचे सिंह लावले, म्हणजे हा मुकुट भारतीय मेजरच्या खांद्यावर कधी असूच शकत नाही. हे मला माहीत होतं हो! पण पितळ काळवंडलेलं, फोटो रात्रीचा, आणि आतल्या खिशात टेलरचं लेबल, त्यावर शाईने नाव आणि 1943. भलेभले फसले असते.

कोट आल्यावर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला तर शिवणीचा दोरा निळा चमकला. एक टोक जाळून बघितलं, वितळून गोळी झाली. पॉलिएस्टर, म्हणजे शिवण युद्धानंतरची. ही टॉर्च दोन-तीनशेला मिळते, पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याला ती आणून व्हिडिओ कॉलवर मारायला लावा, नाही म्हणाला की फोन ठेवा.

फाइल तर त्याहून हरामखोरी. नाव खऱ्या अधिकाऱ्याचं चोरलंय, म्हणून इथे देत नाही. जुन्या इंडियन आर्मी लिस्ट, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील याद्या, ऑनलाइन फुकट बघता येतात, त्यात हे साहेब सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे रसद-वाहतुकीच्या विभागात निघाले, मराठा पलटणीशी संबंधच नाही. झेरॉक्सच्या फाइलला एक रुपया देऊ नका, लिस्ट आणि लंडन गॅझेट (ब्रिटिश सरकारचं राजपत्र) स्वतः चाळा.

पोलीस स्टेशनला गेलो तर पहिला प्रश्न, आर्मीचा युनिफॉर्म तुमच्याकडे कसा? म्हणजे चोर मीच! मग म्हणे वस्तू तर मिळाली ना, मग फसवणूक कसली, दिवाणी कोर्टात जा. झिरो एफआयआरचं (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती) नाव काढलं तर साहेब जेवायला गेले. सायबरवाल्यांकडे पाठवलं, ते म्हणाले माल घरपोच आलाय, हे आमच्यात बसत नाही. बँक म्हणाली पैसे तुम्हीच पाठवलेत. एकाने तर कोट उलटसुलट करून विचारलं, हा 1944 चा नाही हे ठरवणार कोण? अरे मी सांगतोय ना, मुकुट बघा! तर म्हणतो, मुकुट मुकुटच असतो.

अर्जाची पोच मात्र शिक्क्यासकट घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत. आणि असाच 'मेजरचा नातू' अजून कुणाला भेटला असेल तर कळवा, त्याने आता नेव्हीचा ग्रेटकोट विकायला काढलाय, चार तक्रारी एकदम गेल्या तर निदान फाइल उघडतील.