मोठ्या कॉन्सर्टचं तिकीट कधी काढायचं? बुकमायशो आणि डिस्ट्रिक्ट या तिकीट अ‍ॅपचा लेखाजोखा

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. दुपारी बाराला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमाची तिकीटविक्री सुरू व्हायची होती. बारा वाजायच्या आतच बुकमायशोची साइट आणि अ‍ॅप दोन्ही आडवी झाली. ती सावरली तेव्हा बहुतेकांच्या हाती तिकिटाऐवजी रांगेतला लाखांच्या घरातला नंबर आला. त्या दिवशी १ कोटी ३० लाख लोक लॉग-इन झाल्याचं कंपनीने नंतर सांगितलं. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मावणारी माणसं मोजली तर जवळजवळ सगळ्यांनाच नकार मिळणार हे उघड होतं. चर्चा मात्र इंटरनेटचा वेग आणि नशीब यांच्यापुढे गेली नाही. याच कार्यक्रमांची अधिकृत तिकिटं त्यानंतर पुन्हा पुन्हा विक्रीला आली, हे अनेकांच्या लक्षातच आलं नाही.

तारखा पाहा. आधी १८ आणि १९ जानेवारी २०२५ असे दोनच शो होते. विक्री सुरू असतानाच २१ जानेवारीचा तिसरा शो जाहीर झाला. १६ नोव्हेंबरला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमची विक्री झाली आणि तिथेही २५ जानेवारीला २६ ची जोड मिळाली. २२ नोव्हेंबरला ‘इन्फिनिटी’ तिकिटं आली. दर २,००० रुपये, दोनच मिळणार, जोडीनेच घ्यायची आणि जागा कुठली ते तिकीट ताब्यात घेताना कळणार. शेवटी जानेवारीत, शो तोंडावर आल्यावर, उरलीसुरली तिकिटं निघाली. त्या रविवारी दुपारी एक वाजता हताश होऊन तिकीट पुनर्विक्रीच्या परदेशी साइटवर लाखभर रुपये मोजायला निघालेल्या माणसाने हे सगळे दरवाजे स्वतःच बंद केले.

शेवटच्या आठवड्यातली तिकिटं येतात कुठून, हे एकदा कळलं की थांबायचं की नाही ते ठरवणं सोपं जातं. स्टेज, ध्वनियंत्रणेचा मनोरा आणि कॅमेऱ्यांचे ओटे नेमके कुठे उभे राहणार हे विक्रीच्या दिवशी पक्कं नसतं. म्हणून ज्या खुर्च्यांसमोर काही आड येण्याची शक्यता असते त्या आयोजक बाजूला काढून ठेवतात. प्रायोजक, पाहुणे आणि कलाकारांच्या माणसांसाठीही वेगळा साठा असतो. स्टेजची बांधणी ठरली आणि पाहुण्यांची यादी बंद झाली की यातला न लागणारा भाग विक्रीला सोडतात. ही तिकिटं थोडी असतात, सुटी-सुटी असतात आणि त्यांची जाहिरात फारशी होत नाही. चौघांना शेजारी बसायचं असेल तर त्यांच्या भरवशावर राहू नका. एकट्याने किंवा दोघांनी जाणार असाल तर हा मार्ग चांगला आहे.

वाढीव शोचा अंदाज मात्र थोडाफार बांधता येतो. त्यासाठी कलाकाराच्या दौऱ्याचं वेळापत्रक उघडून आधीचा आणि नंतरचा कार्यक्रम पाहायचा. कोल्डप्लेचे अबू धाबीचे शो जानेवारीच्या पूर्वार्धात होते आणि मुंबईनंतर हाँगकाँग, सोल थेट एप्रिलमध्ये. मधले दोन महिने मोकळे. महाकाय स्टेज जहाजातून आणि विमानातून एकदा आणून उभं केलं की आणखी एक रात्र वाजवण्याचा खर्च पहिल्या रात्रीच्या मानाने कमी असतो. त्यामुळे तारीख मोकळी आणि मागणी जोरात असेल तर शो वाढण्याची शक्यता चांगलीच असते. हाच कलाकार दुसऱ्या दिवशी तिसऱ्या देशात वाजवणार असेल तर ती आशा सोडा आणि पहिल्या विक्रीला जोर लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचा फरक. वर सांगितलेलं सगळं नंबर घातलेल्या खुर्च्यांच्या स्टेडियमला लागू पडतं. मुंबईत होणारे बरेचसे मोठे कार्यक्रम महालक्ष्मी रेसकोर्स किंवा बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर, म्हणजे मोकळ्या जागेत होतात आणि तिथलं गणित उलटं असतं. मैदानावर तिकिटं टप्प्याटप्प्याने विकतात: अर्ली बर्ड म्हणजे सर्वांत आधीची स्वस्त तिकिटं, मग पहिला टप्पा, दुसरा टप्पा. माल तोच, जागा तीच, दर मात्र प्रत्येक टप्प्याला चढतो. ‘सोल्ड आउट’ची पाटी लागली तरी अनेकदा तो टप्पाच संपलेला असतो, मैदान नव्हे. तिथे घाबरून वरच्या वर्गाचं तिकीट घेणं हा निव्वळ भुर्दंड आहे. दोन दिवस थांबा, पुढचा टप्पा उघडतो का पाहा.

२०२३ पासून भरणाऱ्या लोलापलूझा इंडिया या संगीत महोत्सवात सर्वांत स्वस्त तिकिटं कलाकारांची यादी जाहीर होण्याआधीच निघतात. कोण वाजवणार हे ठाऊक नसताना दोन दिवस उन्हाधुळीत उभं राहायची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी तो सौदा चांगला. एखाद-दुसऱ्या बँडसाठीच जाणाऱ्याने यादी येईपर्यंत थांबावं आणि वाढलेला दर म्हणजे माहितीची किंमत समजावी. मैदानाच्या कार्यक्रमाला शेवटच्या दोन-तीन दिवसांत आणखी एक गोष्ट घडते. ज्यांचं येणं रद्द झालं ते मूळ दरात किंवा तोट्यात तिकीट विकायला काढतात. कोल्डप्लेसारखा अपवाद सोडला तर इथे थांबणाऱ्याचा फायदा होतो, फक्त फसवणुकीचा धोका त्याच्या डोक्यावर असतो.

बुकमायशोची रांग चालते कशी? विक्रीच्या आधी ‘वेटिंग रूम’ उघडते, वेळ झाली की आत असलेल्यांना रांगेत नंबर दिले जातात. सकाळी सातपासून ठाण मांडून बसलात म्हणून पहिला नंबर मिळेल असं नाही. वेळेआधी दहा-पंधरा मिनिटं आत असणं पुरे. रांगेत असताना पान रिफ्रेश करू नका, आणि एकाच खात्याने फोन, लॅपटॉप, टॅब असं तीनदा शिरू नका, त्यात आहे तो नंबरही जाऊ शकतो. घरातल्या चौघांनी चार स्वतंत्र खात्यांतून प्रयत्न करणं जास्त शहाणपणाचं. मोबाइल नंबर आणि ईमेलची पडताळणी आदल्या दिवशीच उरकलेली हवी.

खरी माणसं गळतात ती पैसे भरण्याच्या पायरीवर. जागा मिळते, घड्याळ उलटं धावू लागतं आणि पेमेंट अडकतं. कारणं बहुधा ठरलेली. नव्या फोनवर यूपीआय नुकतंच सुरू केलं असेल तर पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांच्या पुढे व्यवहार होत नाही. म्हणजे १२,५०० च्या चार तिकिटांसाठी, शुल्क सोडूनही, लागणारे ५०,००० तिथे जाणारच नाहीत. नव्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार ते आपण बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करायचे असतात आणि मर्यादाही स्वतःच ठरवायची असते. कार्ड वडिलांचं आणि ओटीपी जाणार त्यांच्या फोनवर, तेही गावाला, ही तर हमखास घसरण. कार्ड आधी एखाद्या साध्या सिनेमाच्या तिकिटावर चालवून बघा.

अशा अडकलेल्या पेमेंटमुळेच विक्री संपल्याचं दिसल्यावरही लगेच उठू नये. धरून ठेवलेल्या खुर्च्यांची मुदत संपली की त्या परत यादीत येतात. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात नकाशावर मधूनच एखादी खुर्ची हिरवी होते ती यामुळे.

दरांविषयी. कोल्डप्लेला खुर्च्या २,५०० पासून १२,५०० पर्यंत, मैदानात उभं राहायला ६,४५० आणि लाउंजला ३५,००० असे दर होते. यात पैसा वसूल वर्ग दोनच: सर्वांत खालचा आणि उभ्याचा. डी. वाय. पाटीलचं छत खांबांशिवाय पुढे आलेलं आहे, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या स्वस्त जागेतूनही मध्ये काही येत नाही. स्टेज एका टोकाला असल्याने फक्त त्याच्या अगदी बाजूचे ब्लॉक टाळा. तिथून पडद्याची कड आणि स्पीकरची पाठ दिसते. ९,००० च्या खुर्चीवरून कलाकार स्पष्ट दिसेल अशी कल्पना असेल तर ती सोडा, चेहरा पडद्यावरच पाहायचा आहे. दाखवलेल्या दरावर शेवटच्या पानावर सोयशुल्क आणि त्या शुल्कावरचा जीएसटी चढतो. ५०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे, तो दरात धरलेला आहे की वेगळा लागणार हे आधी बघा. बजेट बांधताना पहिल्या पानावरचा आकडा खरा मानू नका.

डिस्ट्रिक्टचा बाज वेगळा. झोमॅटोने ऑगस्ट २०२४ मध्ये पेटीएमचा तिकिटांचा व्यवसाय २,०४८ कोटींना घ्यायचं जाहीर केलं आणि नोव्हेंबरमध्ये हे अ‍ॅप आणलं. त्याआधीच दिलजित दोसांझच्या दिल-लुमिनाटी दौऱ्याची तिकिटं झोमॅटोवर विकली गेली होती. तेव्हा एचडीएफसीच्या पिक्सेल क्रेडिट कार्डधारकांना सर्वसाधारण विक्रीच्या ४८ तास आधी संधी होती आणि अर्ली बर्डची स्वस्त तिकिटं तिथेच संपली. धडा सरळ आहे. कार्यक्रम जाहीर होताच पोस्टरच्या तळाशी कुठल्या बँकेचा शिक्का आहे ते वाचा, आणि ते कार्ड घरात, नात्यात कोणाकडे आहे ते त्याच दिवशी विचारा. केवळ एका शोसाठी नवं कार्ड काढायच्या भानगडीत पडू नये. मंजुरीला दिवस लागतात आणि वार्षिक शुल्क मागे लागतं.

सप्टेंबर २०२४ मध्येच झोमॅटोने ग्राहकाला आपलं तिकीट अ‍ॅपमध्येच पुन्हा विकायची सोय जाहीर केली, आयोजकाच्या दराच्या दुपटीची मर्यादा घालून. दुप्पट ही मर्यादा उदारच म्हणायची. तरी अशा अधिकृत फेरविक्रीत जुना क्यूआर कोड बाद होऊन नवा निघतो, हा तिचा खरा फायदा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या स्क्रीनशॉटचं तसं नाही. एकच कोड दहा जणांना विकता येतो आणि दारात जो आधी पोचला तो आत जातो, बाकीचे नऊ पोलिसांना शोधत बसतात. कागदी तिकीट किंवा मनगटी पट्टी असलेल्या शोमध्ये ती ज्याच्या नावावर आहे त्याचं ओळखपत्र लागू शकतं, तेव्हा अनोळखी माणसाकडून केवळ बुकिंग क्रमांक विकत घेऊ नका. कायद्याचा आधारही फारसा नाही. तिकिटांच्या काळ्या बाजारावरची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली आणि नियम करणं हे कायदेमंडळाचं काम असल्याचं म्हटलं.

लंडन, न्यू जर्सीकडच्या मराठी मंडळींसाठी दोन ओळी. तिकीटमास्टर या तिकीट साइटवर विक्री सुरू असतानाच दर चढू शकतात. ऑगस्ट २०२४ मध्ये ओएसिस या बँडच्या विक्रीत सुमारे १५० पौंडांचं उभ्याचं तिकीट रांगेत तासन्‌तास घालवलेल्यांसमोर साडेतीनशेच्या पुढे जाऊन उभं राहिलं. त्यामुळे रांगेत शिरण्याआधी स्वतःची कमाल रक्कम कागदावर लिहून ठेवा. अमेरिकेत मे २०२५ पासून सगळी शुल्कं धरूनच पहिला दर दाखवावा लागतो, तुलना त्यामुळे सोपी झाली आहे. तिथल्या बंदिस्त अरीनांमध्ये मधल्या वाराचा शो असेल तर पुनर्विक्रीचे दर कार्यक्रमाच्या दिवशी दुपारनंतर बऱ्याचदा उतरतात. शनिवारच्या रात्रीवर तसा भरवसा ठेवता येत नाही.

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी तिकिटाची तारीख आणि रेल्वेची तारीख एकत्र पाहावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं, कॉन्सर्टचं तिकीट मात्र चार महिने आधी विकलं जातं. नागपूर, कोल्हापूरकडून येणाऱ्याने रद्द करता येणारी खोली तिकीट मिळाल्याच्या दिवशीच धरावी आणि साठाव्या दिवशी रेल्वेकडे वळावं. उघड्या जागेत ध्वनिक्षेपकाला साधारणपणे रात्री दहाची मर्यादा असते, खास परवानगी असेल तरच बारा. डी. वाय. पाटीलजवळच्या नेरुळहून परतीची हार्बर लोकल मिळते, पण स्टेडियममधून स्टेशनापर्यंतची गर्दी हिशोबात धरा.

पैसे गेले आणि तिकीट आलं नाही तर घाईने दुसरं काढू नका. आधी ‘बुकिंग हिस्टरी’ पाहा, पुष्टी कधी कधी उशिरा उमटते. तिथेही काही नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार यूपीआय असो वा कार्ड, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत आणि त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ही तक्रार बँकेकडे व्यवहार क्रमांक देऊन करायची. तिकीट अ‍ॅपच्या चॅटवर तासन्‌तास घालवून तिचं काही होत नाही. शो आयोजकांनीच रद्द केला तर तिकिटाचे पैसे मिळतात, सोयशुल्क मिळेलच असं नाही. पुढे ढकलला तर परतावा मागायची मुदत अनेकदा थोडक्या दिवसांची असते, म्हणून त्यासंबंधीचा ईमेल जाहिरातींच्या फोल्डरमध्ये पडून राहणार नाही याची काळजी घ्या.